बद्द

एका टोल्याच्या बदल्यात सुनेला कायमची नोकरी. एकतीस वर्षांच्या चाकरीत खणखणबाईला इतका फायद्याचा सौदा कुणी देऊ केला नव्हता. टोला हातोडीचा, तोही हलका आणि तोही फोटोपुरता. नव्या पाणीयोजनेचे पाइप पंपघराच्या आवारात उतरणार, गाव जमणार, भाषणं होणार आणि मग बाईने पहिल्या पाइपावर हातोडी टेकवून हसायचं. हसण्याचं वेगळं काही मिळणार नव्हतं, पण सुनेला पंपघरात जागा मिळणार होती. सून गावात राहिली की नात गावात राहणार होती. आणि नात इथे राहिली की शहरात भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर झोपणारा मुलगाही कधीतरी परत येईल, असं एक जादा कलम बाईने मनातल्या मनात स्वतःच घालून घेतलं होतं. नगराध्यक्ष त्याबद्दल काही बोलले नव्हते.

नगराध्यक्ष स्वतः घरी आले होते. त्यांना गावात फीतसाहेब म्हणत. निवडून आल्यापासून त्यांनी कापलेल्या फिती एकाला एक बांधल्या असत्या तर नव्या नळाऐवजी त्यांतूनच पाणी आणता आलं असतं, असं लोक म्हणत. कुठेही कार्यक्रम असला की कात्री त्यांच्या स्वतःच्या खिशातली असे.

"वहिनी, तुम्ही म्हणजे गावाची ओळख," फीतसाहेब खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले. "जुनं गाव आणि नवं पाणी. पेपरवाले येणारेत."

"पाइप बाहेरचे, मग ओळख गावची कशाला?"

"बाहेरचे म्हणजे काय, पाणी तर आपलंच ना!"

बाईने चहा पुढे सरकवला. गावातल्या शेवटच्या फाउंड्रीनेही त्या पाइपांसाठी निविदा भरली होती. 'क्षमता अपुरी' असा शेरा पडून ती परत आली, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती परत पाठवणाऱ्या कागदावर सही कुणाची होती, तेही दोघांना ठाऊक होतं. म्हणून तो विषय दोघांनीही काढला नाही.

"सुनेचं पक्कं ना?" बाईने विचारलं.

"माझा शब्द."

"शब्द नको. कागद?"

"कागद कार्यक्रमानंतर. आधी दिला तर लोक काय म्हणतील!"

लोक काय म्हणतील याची फीतसाहेबांना अशी सोयीपुरती काळजी असे.

*

हे गाव बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. एके काळी इथे अकरा फाउंड्र्या होत्या आणि अर्ध्या मुलखाचं पाणी इथल्या पाइपांतून वाहायचं. आता एकच भट्टी उरली होती, तीही आठवड्यातून दोन दिवस पेटे. बाकीच्या दहांपैकी एकीत गोदाम होतं, एकीत कोंबड्या होत्या, एकीवरून दोन भावांचा दावा चालू होता आणि सात नुसत्याच उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघत म्हातारे लोक भिंतीला पाठ लावून बसत आणि एकमेकांशी ओरडून बोलत. भांडण नसे. चाळीस वर्षं गोंगाटात काढल्यावर माणसाला हळू बोलता येत नाही.

खणखणबाईचं काम पाइप वाजवायचं. पाइप दोन लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवायचा आणि टोकाशी हातोडीने ठोकायचं. पाइप धड असला तर 'खण' वाजतो आणि आवाज लांबत जातो. अंगात कुठे केसाएवढी चीर असली तर 'बद्द' वाजतो आणि आवाज तिथेच बसतो. भट्टीच्या आवाजात हे दुसऱ्याला ऐकू जाणं शक्यच नसे. म्हणून बाई निकाल ओरडून सांगायची आणि दहा पावलांवर वही घेऊन उभा असलेला कारकून ओरडून उत्तर द्यायचा.

"बद्द!"

"लिहिलं!"

'लिहिलं' ऐकू आल्याशिवाय पुढचा पाइप हलायचा नाही. आणि एकदा 'लिहिलं' झालं की खुद्द मालक आला तरी खोडाखोड नाही, तो पाइप परत भट्टीत.

हा बद्द कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडून साऱ्या गावाच्या तोंडी बसला होता. दुकानात कप घेणारा माणूस आधी टिचकी मारून बघे. मुलगी दाखवायच्या आधी मुलाची चौकशी होई, ती "वाजवून बघितला का?" अशा शब्दांत. एक डॉक्टर गावात दवाखाना घालून सहा महिन्यांत निघून गेला, कारण पहिल्याच आठवड्यात त्याच्याबद्दल कुणीतरी तो एक शब्द उच्चारला होता.

आणि दहा पावलांवर उभं राहून अकरा वर्षं 'लिहिलं' म्हणणारा तो कारकून म्हणजेच आजचे नगराध्यक्ष फीतसाहेब.

*

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बाई ओट्याच्या कडेवर हातोडी हलकेच टेकवत होती. नवरा दारात उभा राहून बघत होता. तोही फाउंड्रीतलाच, साचे भरणारा. निम्मी फाउंड्री छातीत भरून घेऊन निवृत्त झालेला, त्यामुळे हसायला लागला की खोकल्यावर संपायचा.

"काय गं, सराव?"

"हलका हात बसला पाहिजे. जोरात पडला तर वाजेल."

"मग हातोडी कशाला नेतेस? लाटणं ने. फोटोत काय कळतंय!"

"तुम्ही गप्प बसा. सुनेचं काम आहे."

"मी कुठे काय म्हटलं? एकतीस वर्षं वाजवायचा पगार घेतलास, आज न वाजवायचा घे. दोन्हीकडून खाणारी तू एकटीच."

सून आतून नातीची वेणी घालत ऐकत होती. कपाटावरची मोठी बॅग तिने महिन्यापूर्वीच काढून झटकून ठेवली होती. नोकरी मिळाली तर बॅग परत वर, नाहीतर शाळेचं वर्ष संपलं की शहर. यात रुसवाफुगवा नव्हता. नवरा तिकडे, आणि त्याच्या एकट्याच्या पगारात दोन घरं चालत नव्हती, एवढंच.

पंपघराच्या आवारात लॉरी रिकामी होऊन उभी होती. एक्केचाळीस पाइप ओळीने मांडले होते, बाहेरून काळा रंग, आतून सिमेंटचा लेप, बघत राहावेत असे. पहिल्या पाइपाला लाल फीत बांधली होती. फोटोत जमीन दिसू नये म्हणून कुणीतरी हौशीने तो दोन ओंडक्यांवर चढवला होता. त्या माणसाने काय करून ठेवलं ते त्याला कळलं नाही.

कंत्राटदार कंपनीचा इंजिनियर आला होता. तरुण, गोरा, आणि शर्टाला अशी इस्त्री की बाहीने कांदा चिरावा. गावाने पाच मिनिटांत त्याचं बारसं करून टाकलं, इस्त्रीवाला. इस्त्रीवाल्याने माईक हातात घेतला.

"या गावानं एके काळी खूप काम केलं," तो म्हणाला. "आता गावानं विश्रांती घ्यावी. काळ बदललाय. आता ही कामं आमच्यासारख्यांवर सोडा."

भिंतीकडेच्या म्हाताऱ्यांपैकी एकाने शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणतोय?"

"झोपा म्हणतोय!" शेजारी ओरडला. ते माईकपेक्षा मोठ्याने ऐकू गेलं.

फीतसाहेबांनी घाईने कात्री काढली आणि फीत कापली. टाळ्या झाल्या. मग त्यांनी बाईला पुढे बोलावलं, माईक स्टँडवर चढवून तिच्या तोंडाजवळ ठेवला आणि स्वतः बरोबर फोटोत येतील इतक्या अंतरावर जाऊन उभे राहिले. ते अंतर दहा पावलांचं निघालं.

बाईने हातोडी उचलली. हलकेच, असं ती मनाशी म्हणत होती. पण हात काही तिच्या मनाचं ऐकायला कधी शिकला नव्हता. तो आपल्या सवयीने मनगटातून वळला आणि पाइपाच्या टोकापासून चार बोटांवर नेमका पडला.

आणि बाईचं तोंड, तेही सवयीने, माईकमध्ये खणखणीत ओरडलं, "बद्द!"

"लिहिलं!" फीतसाहेब ओरडले.

फीतसाहेबांचा हात हवेत काहीतरी लिहायच्या बेतात थांबला होता. मग भिंतीकडून एक हसण्याची लाट उठली, आणि तिच्या मधोमध खोकला होता म्हणून नवरा कुठे उभा आहे ते बाईला कळलं.

*

"काय झालं? काय लिहिलं?" इस्त्रीवाला विचारू लागला.

"पाइप फुटका आहे," बाई म्हणाली. आता म्हणूनच टाकलं होतं.

फीतसाहेब धावत आले आणि त्यांनी माईकवर तळहात दाबला. "वहिनी, चुकून झालं म्हणा. वय झालं म्हणा. काहीही म्हणा! पंपघराचा कागद माझ्या खिशात आहे, आत्ता, या खिशात."

"चुकून तर तुम्हीही म्हणालात. मग तुमचंही वय झालं म्हणू?"

"आजी," इस्त्रीवाला समजुतीने बोलू लागला, "हे नव्या पद्धतीचं बीड आहे. आतून सिमेंट असतं. ते तुमच्या जुन्या पाइपासारखं वाजणारच नाही."

बाईला हे पटण्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर पटावं अशी तिची फार इच्छा होती. साठीला आलेले कान, नवं बीड, खिशातला कागद, सगळंच पटवून घ्यायला तयार होतं. तिने भिंतीकडच्या लोकांना हात केला. दोघे आले आणि दुसरा पाइप त्यांनी ओंडक्यांवर चढवला. तिने ठोकलं.

खण. आवाज आवारभर फिरला आणि सावकाश मिटला.

तिसरा. खण. चौथा. खण.

"सिमेंट चौघांनाही आहे ना?" बाईने विचारलं. "मग हा एकटाच का रुसलाय?"

"तुमच्या मालकाची निविदा नापास झाली, म्हणून हे नाटक चाललंय," इस्त्रीवाल्याचा आवाज चढला. "तुम्ही अजून त्यांच्याकडे जाता ना कामाला?"

"जाते. आठवड्यातून दोन दिवस. आणि त्यांच्या बद्द पाइपांवरही खडू ओढते. विचारा त्यांना, मागच्या महिन्यात सतरा परत भट्टीत घातलेत." मालक गर्दीत मागे उभे होते. त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावरून मात्र सतराचा आकडा चारचौघांत सांगायला नको होता असं स्पष्ट दिसत होतं.

"अहो, एका मोडकळीला आलेल्या गावानं आम्हाला शिकवायचं का आता?"

"मोडकळीला आलंय," बाई म्हणाली. "बद्द नाही झालं अजून."

टाळी कुणी वाजवली नाही. गर्दी मात्र दोन पावलं पुढे सरकली. पण सगळीच बाईच्या बाजूने नव्हती. टँकरची भांडी डोक्यावरून वाहून मान दुखणाऱ्या एका बाईने मागून स्पष्ट सांगितलं, "अगं, वाजू दे ना कसाही! पाणी तर येऊ दे! वर्षभर थांबलोय." तिचंही खोटं नव्हतं.

फीतसाहेबांनी तेवढा धागा पकडला. "बघा, लोकांचं ऐका. पाइप परत गेले तर पुन्हा निविदा, पुन्हा सहा महिने. कुणाच्या डोक्यावर फुटणार हे?" मग आवाज खाली आणून, "आणि सुनेचा तरी विचार करा."

बाईने सुनेकडे पाहिलं. नातीचा हात धरून सून पंपघराच्या दाराशी उभी होती. आतल्या इंजिनाकडे जाऊन येऊन तिची नजर फिरत होती, जशी नव्या घराच्या खोल्या बघताना फिरते. कान एकदा चुकले असं म्हणायला फक्त दोन शब्द लागत होते, आणि ते दोन शब्द तिच्या जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले.

"आई," सून तिथूनच म्हणाली, "रॉकेल आणू का?"

बाईला क्षणभर कळलंच नाही.

"इंजिन पुसायचं रॉकेल आहे इथे, बाटलीभर. तुम्हीच सांगितलं होतं ना, रॉकेल लावलं की चीर दिसते. दाखवा की त्यांना. पंप चालवणारीला उद्या शिव्या खायच्या असतील तर निदान धड पाइपाच्या खाव्यात."

असं म्हणून सून आत गेली आणि बाटली घेऊन आली. तिने कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. बाटली नेमकी कशावर ओतायची आहे, ते तिला पुरतं ठाऊक होतं.

बाईने पाइपाच्या टोकाचा रंग पत्र्याच्या तुकड्याने खरवडला. बोळ्याने रॉकेल चोपडलं, थोडं थांबली, मग कोरड्या फडक्याने लख्ख पुसून काढलं. पिशवीतला खडू हातोडीने कुटून त्याची पूड वर चोळली. टोक पांढरं झालं. काहीच दिसेना. इस्त्रीवाला हसला.

"दोन मिनिटं दम धर बाळा," नवरा गर्दीतून म्हणाला. "इस्त्री काही मोडत नाही."

मग पांढऱ्यातून एक करडी रेघ वर आली. चिरेत शिरलेलं रॉकेल पुडीने शोषून घेतलं होतं. आधी नखाएवढी, मग बोटाएवढी, मग वीतभर, आणि पुढे काळ्या रंगाखाली किती लांब गेली ते कुणालाच दिसेना. रेघ वाकडीतिकडी, केसाएवढी. ती बघायला इस्त्रीवाला गुडघ्यावर बसला. त्याने ती बोटाने पुसली. ती परत आली. त्याने पुन्हा पुसली नाही, आणि हे त्याच्या बाजूने सांगायला हवं: बाही दुमडून त्याने स्वतः पाचवा पाइप ढकलायला हात लावला.

त्यानंतर कार्यक्रम कुणाच्याच हातात राहिला नाही. भिंतीकडचे म्हातारे, ज्यांना जिना चढताना दोनदा बसावं लागे, ते पाइपांच्या दोन्ही टोकांना लागले. "हळू! बोट सांभाळ!" "मला शिकवतोस होय रे?" असं ओरडणं सुरू झालं. पाइप येत होते, ओंडक्यांवर चढत होते, वाजत होते, बाजूला जात होते. कित्येक वर्षांनी त्या माणसांना आपल्या जुन्या जागा आपोआप सापडल्या होत्या. बाई ओरडत होती, "खण!" आणि दहा पावलांवर फीतसाहेब गप्प उभे होते. उत्तर मिळेना, म्हणून पुढचा पाइप हलेना.

"साहेब, म्हणा की!" कुणीतरी ओरडलं. "खोळंबा झालाय!"

फीतसाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पेपरवाला कॅमेरा रोखून होता. साऱ्या गावाचे डोळे एका शब्दासाठी त्यांच्यावर लागले होते, आणि असा प्रसंग त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच आला होता. त्यांनी खिशातून कागद काढला, पंपघराचाच असावा, तो उलटा केला आणि पेन उघडलं.

"लिहिलं," ते म्हणाले. आधी हळू. मग सवयीचा आवाज लागला.

एक्केचाळिसांपैकी नऊ पाइप बद्द निघाले. नवांवर खडूचा गोल पडला, अख्खी खेपच नाकारली गेली आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत लॉरी पुन्हा भरायला लागली.

*

आता कुणाला हे कितीला पडलं ते सांगतो.

कंपनीने चिरा वाटेतल्या धक्क्यांमुळे पडल्या असं कळवलं आणि लॉरीचं परतीचं भाडं सोसलं. इस्त्रीवाल्याची दुसरीकडे बदली झाली. जाताना तो बाईच्या घरी येऊन हातोडी कुठे मिळते ते विचारून गेला. निविदा पुन्हा निघाली. शेवटच्या फाउंड्रीला सरळ पाइप नाहीत, फक्त वळणाचे तुकडे मिळाले. तेवढ्यावर भट्टी आठवड्यातून दोनाऐवजी तीन दिवस पेटू लागली. मालक मात्र सतराच्या आकड्यावरून बाईशी दोन महिने धड बोलले नाहीत.

फीतसाहेबांचं काहीच गेलं नाही. पेपरात त्यांचा पेन उघडलेला फोटो आला, 'नगराध्यक्षांनी पकडले सदोष पाइप', आणि तो त्यांनी चौकट करून कार्यालयात लावला.

गावाने आणखी सात महिने टँकरचं पाणी भरलं. मान दुखणारी ती बाई सातही महिने रांगेत खणखणबाईच्या मागे उभी राहून पुटपुटत असे, आणि खणखणबाई पुढून तिची घागर उचलून देत असे. मग पाणी आलं. अजून तरी एकही पाइप फुटलेला नाही.

पंपघरातली जागा लेखी परीक्षेने भरली, बाहेरच्याच कुणाला तरी मिळाली. शाळेचं वर्ष संपल्यावर सून आणि नात शहरात गेल्या. निघताना सासू-सुनेत एवढंच बोलणं झालं.

"तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे गेलं काम," बाई म्हणाली.

"बाटली मी आणली, आई. अर्धं माझ्याकडे मांडा."

बाईने मान हलवली, पण ते अर्धं काही तिच्याकडे मांडलं नाही. त्या घरातली जेवणाची दोन पानं कमी झाली, ती तिने पुरतीच्या पुरती स्वतःच्या नावावर मांडली.